चार इंची भिंत, सहा फुटी दुरुस्ती

आमच्या डोंबिवलीच्या घरातली हॉल आणि आतल्या खोलीमधली भिंत मूळ इमारतीची नव्हतीच. इमारत 1989ची, भिंत 1996ची. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोठ्या हॉलचे दोन तुकडे करून घेतले होते. आता दीर बदलापूरला असतात, अण्णा नाहीत, आणि आईंना वॉकर घेऊन त्या अरुंद दारातून वळता येईना. दिवाळी झाली की भिंत काढायची, असं ठरलं.

नंतर घातलेली चार इंची भिंत, तिच्यावर कसला भार असणार, असं मीही म्हणत होते. सोसायटीने स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र मागितलं तेव्हा कपाळाला आठ्याच पडल्या. पण तो माणूस आला आणि बरंच शिकवून गेला. नंतरची भिंतसुद्धा कालांतराने भार घेऊ शकते म्हणे. स्लॅब वर्षानुवर्षं किंचित लवतो आणि हळूच तिच्यावर टेकतो. त्याने शिडी लावून वरचा सांधा टोकापासून टोकापर्यंत खरवडून पाहिला, केसभर फट सलग दिसली, तेव्हा कुठे पत्र दिलं. जाताना बजावलं, फोडायची ती वरून खाली, आणि राबिटचा, म्हणजे फुटलेल्या विटा-मालाचा, ढीग खोलीच्या मध्यात करायचा नाही. दहा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत म्हणजे दोन्हीकडच्या गिलाव्यासकट जवळपास दोन टन माल. मला खोटं वाटलं. मग 70 गोण्या तिसऱ्या मजल्यावरून खाली गेल्या. आमच्याकडे लिफ्ट नाही.

पाडणं सकाळी नऊला सुरू झालं, जेवायच्या वेळेपर्यंत संपलं. एक गोष्ट मिस्त्रीमामांनी छान केली: हातोडा घालण्याआधी बाजूच्या भिंतींशी जिथे जोड होता तिथे कटरने उभी रेघ मारून घेतली. त्यामुळे शेजारचा गिलावा पापुद्र्यासारखा ओढला गेला नाही. (धूळ मात्र देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचली.) भिंतीतला पंख्याचा बोर्ड आदल्या दिवशीच वायरमनने काढून दुसरीकडे नेला होता.

खाली मोझॅकची लादी अखंड निघाली, कारण अण्णांच्या गवंड्याने भिंत थेट लादीवरच उभी केली होती. चिकटलेला माल छिन्नीने हलक्या हाताने काढला, तर सगळ्या हॉलमध्ये पुसून पुसून राखाडी झालेली लादी तेवढ्या पाच इंचांत पिवळी आणि तकतकीत. आई खुर्चीवरून वाकून बघत राहिल्या. "अगं, ही पिवळी होती होय!" घासायचं मशीन लावून सगळी एकसारखी करता आली असती. आई नको म्हणाल्या. पट्टा तसाच आहे.

खरी फजिती बाजूच्या भिंतींची झाली. भिंत पक्की बसावी म्हणून गवंड्याने तेव्हा बाजूच्या भिंतीत खाचा करून विटा आत घुसवल्या होत्या. त्या निघाल्यावर दोन्हीकडे वरपासून खालपर्यंत खड्ड्यांची माळ. मामांनी खड्डे भरले, वर लांबी (पुट्टी) फिरवली, पॉलिश पेपर मारला, "झालं, ताई." रंगाचा पहिला हात बसला आणि दुपारी बाल्कनीतून तिरकं ऊन आलं. भिंत जिथे होती तिथे एक उभा उंचवटा, आणि त्याच्या दोन्ही कडांना केसासारख्या भेगा. भिंत पाडली, तिचं भूत उभं राहिलं.

कारण कळायला मला सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी लावून बघावी लागली. हॉलच्या बाजूला आम्ही 2008 साली पीओपी केलं होतं, आतल्या खोलीत नुसता रंगावर रंग. दोन्ही पृष्ठभागांत जवळजवळ 8 मिलिमीटरचा फरक! इतकी वर्षं मधल्या भिंतीने तो झाकला होता. आठ मिलिमीटर पाच इंचांत जिरवायला गेलं की डोळ्याला टेकाडच दिसणार.

मग दुसरे गवंडी बोलावले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने टकटक करत सगळी भिंत ऐकली. जिथे आवाज बद्द आला तिथला गिलावा सोडलेला, तो सगळा काढला. मामांनी भरलेलंही फोडलं. नवा माल धरावा म्हणून कडांना टाचे मारून त्या खडबडीत केल्या, भिंत पाण्याने भिजवली, सिमेंटचं पाणी फासलं. नव्या-जुन्या सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी जाळी खिळ्यांनी ठोकली, कारण भेग नेमकी सांध्यावरच येते. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू असा माल, तोही एका दमात नाही, दोन थरांत. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझं. ऑफिसला जाण्याआधी साडी खोचून पाण्याचा मग घेऊन उभी, शेजारच्या काकू विचारायच्या, "भिंतीला काय अभिषेक चाललाय?" त्यानंतर भिंत पूर्ण सुकेपर्यंत प्रायमरला कुणाला हात लावू दिला नाही.

लांबी शेवटी पाच इंचांवर नाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट पसरवत नेली, पण जुना ऑइलबाउंड डिस्टेंपरचा रंग खरवडल्यावरच. त्याच्यावर लांबी धरत नाही, पोपडे येतात. रंगाऱ्याला मी रात्री बोलावलं, दिवे घालवले आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायला सांगितला. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये जे गुळगुळीत दिसत होतं, त्याच्या सगळ्या टेकड्या-दऱ्या उघड्या पडल्या. तो बिचारा पेन्सिलने गोल करत फिरला. सव्वीस गोल.

आता डावी भिंत झकास आहे. उजव्या बाजूला, साधारण खांद्याच्या उंचीवर, अजून एक हलकीशी लाट आहे. रंगाऱ्याला दाखवली तर म्हणाला, "ताई, पाहुण्यांना चार ते साडेचार सोडून कधीही बोलवा."