जाळीपलीकडचा मुलगा

४ जून २०२४, मंगळवार. रात्री साडेअकरा.

पहाटे चारला गजराशिवाय जाग आली. आज कुठे जायचं नव्हतं, तरी उठून बसले. पाच वर्षांपूर्वी, २३ मे २०१९ ला, याच वेळेला ओळखपत्र गळ्यात घालून मी लोकसभेच्या मतमोजणीच्या केंद्रावर निघाले होते. यंदा ड्यूटीच्या यादीत नाव नव्हतं. सुटले असं वाटायला हवं होतं, पण दिवसभर हात रिकामे असल्यासारखं वाटत राहिलं.

आठ वाजता टीव्ही लावला. सव्वाआठला पडद्यावर आकडे पळायला लागले: अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर. आत काय चाललंय ते माहीत असलेल्या माणसाला ते पाहवत नाही. आठला फक्त टपाली मतांची पाकिटं उघडायला घेतात. घोषणापत्रावर सही आहे का, साक्षांकन नीट आहे का, हे बघण्यातच वेळ जातो. यंत्रं टेबलावर यायला साडेआठ होतात. पहिल्या फेरीचा कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापर्यंत पोचून तिथून जाहीर होईपर्यंत आणखी किती वेळ जातो ते टेबलावरच्यांना विचारावं. मी आवाज बंद केला आणि नुसती चित्रं बघत बसले.

एक गोष्ट मात्र दरवेळी मनाला लागते. आपल्या राज्यात पहिल्या टप्प्याचं मतदान झालं १९ एप्रिलला. नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर. तिथल्या लोकांनी ठरवायचं ते त्या दिवशी संध्याकाळीच ठरवून टाकलं होतं. नंतर ४६ दिवस तो निर्णय सीलबंद यंत्रांत, कुलपाआड, पहाऱ्यात पडून राहिला. त्या ४६ दिवसांत उमेदवार देवदर्शनं करत होते, चॅनेलवर चर्चा झडत होत्या, १ जूनला शेवटचं मतदान उरकल्यावर एक्झिट पोल आले. सुरतेत बिनविरोध निवड झाल्यामुळे मोजायच्या जागा उरल्या ५४२, आणि त्या सगळ्यांचा निकाल त्याआधीच लागलेला होता. आजचा दिवस निर्णयाचा नव्हताच, आज फक्त सील उघडलं.

दुपारी लेकीच्या खोलीत गेले तर ती मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचा जुना, २०१० चा हंगाम बघत होती. अंतिम फेरी, अ‍ॅडम लियॉ आणि कॅलम हॅन. म्हटलं, आजच्या दिवशी हे? म्हणाली, "आई, आजच हे बघायला हवं. या भागासाठी तिथे निवडणुकीतली चर्चा पुढेमागे केली होती." आणि ते खरंच आहे. २५ जुलै २०१० ला, रविवारी, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांची टीव्हीवर समोरासमोर चर्चा ठरली होती. त्याच संध्याकाळी साडेसातला मास्टरशेफची अंतिम फेरी. म्हणून चर्चा तासभर अलीकडे, साडेसहाला घेतली. ती अंतिम फेरी चाळीस लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली. मतदान सक्तीचं असलेल्या देशात पंतप्रधानपदाच्या दोन दावेदारांनी एका स्वयंपाकाच्या स्पर्धेला वाट करून दिली.

लेकीला यात गंमत वाटते, मला वाटत नाही. मी त्यावर बराच वेळ विचार करत होते. त्या निवडणुकीचा निकाल २१ ऑगस्टला लागायला हवा होता, पण दोन्ही बाजूंना १५० पैकी ७२-७२ जागा मिळाल्या आणि सरकार कुणाचं हे ठरायला सतरा दिवस गेले. मास्टरशेफचा निकाल त्याच रात्री लागला. अ‍ॅडम जिंकला, कॅलम हरला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. हरल्यावर तो जे हसला, ते हसू मी आज दोनदा मागे जाऊन पाहिलं. त्यात कडवटपणा मला कुठेच दिसला नाही. असं कशामुळे होतं? हरलेल्या माणसाला एवढ्या लोकांसमोर इतकं सरळ उभं राहता यावं, यासाठी नक्की काय करावं लागतं?

मला वाटतं, त्याला त्याचा आकडा दाखवलेला असतो. प्रत्येक पदार्थाला प्रत्येक परीक्षकाने दिलेले गुण, दहापैकी किती, तोंडावर. मांस जरा जास्त शिजलं. सॉस छान होता पण कमी पडला. हे शब्द टोचत असतील, पण ते त्याला स्वतःला सांगितलेले असतात. हवेत सोडून दिलेले नसतात.

आपल्याकडे हरलेल्या उमेदवाराला लोक का नको म्हणाले ते कुणी सांगत नाही. सांगूही शकत नाही, मत गुप्त आहे आणि ते गुप्तच राहायला हवं. मग त्याच्या हातात फक्त आकडा उरतो. तोही नीट दाखवला नाही तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

झोप येत नाहीये. उद्या लिहीन.

५ जून, बुधवार. संध्याकाळ.

भाजप २४०, काँग्रेस ९९, एनडीए २९३. बहुमताला २७२ लागतात. एक्झिट पोलवाल्यांनी सांगितलेलं चित्र पुष्कळ वेगळं होतं. त्यावर सगळीकडे बोलणं चालू आहे, मी त्यात पडत नाही. माझं लक्ष अडकलंय ते मुंबई उत्तर-पश्चिममध्ये. रवींद्र वायकर ४,५२,६४४. अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. बाद ठरलेली टपाली मतं पुन्हा तपासली, मग निकाल जाहीर झाला. नऊ लाखांहून जास्त माणसांनी या दोघांपैकी एकाला निवडलं आणि फरक एका वर्गात बसतील एवढ्या माणसांचा. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने हरले होते, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. असे आकडे वाचले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते आकडे कुणाच्या तरी बोटाखालून आलेले असतात. २०१९ ला ते बोट माझंही होतं.

त्या दिवसाबद्दल मी कुणाशी धड बोललेले नाही. इथे लिहून ठेवते.

कुठलं टेबल मिळणार हे त्याच दिवशी पहाटे कळतं. कुठला कर्मचारी कुठल्या टेबलावर याची संगणकावरची शेवटची सरमिसळ तेव्हाच होते, म्हणजे आदल्या दिवशी कुणालाच काही ठाऊक नसतं. फोन बाहेर जमा. टेबलावर पर्यवेक्षक, सहायक, शेजारी सूक्ष्म निरीक्षक. समोर लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे बाकावर प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी, हातात कागद आणि पेन. शिपाई कंट्रोल युनिट, म्हणजे मतं साठवलेलं यंत्र, आणून ठेवतो. पेटीचा क्रमांक बघायचा, सील बघायचं, पलीकडच्यांना दाखवायचं. मग निकालाच्या बटणावरची हिरवी कागदी पट्टी भोकायची आणि बटण दाबायचं. यंत्र आधी एकूण मतं दाखवतं, मग क्रमाने एकेक उमेदवार, शेवटी नोटा. यंत्र उचलून जाळीच्या दिशेने धरायचं, म्हणजे सगळ्यांना पडदा दिसेल. आकडे सतरा-सीच्या फॉर्मवर उतरवायचे, मतदान केंद्रावरून आलेल्या एकूण मतांशी ताळा करायचा, सह्या घ्यायच्या. पुढचं यंत्र.

पहिल्या दोन फेऱ्या हात थरथरत होते. पाचव्या-सहाव्या फेरीला सवय झाली आणि सवय झाली की घाई होते. मोठ्या पक्षांचे उमेदवार क्रमाने वर होते. त्यांचे आकडे आले की जाळीपलीकडे खसखस व्हायची, पेनं धावायची. खालच्या क्रमांकांवर अपक्ष. त्यांचे आकडे यायला लागले की बहुतेक प्रतिनिधी बेरजा करायला मान खाली घालायचे, आणि मीही यंत्र खाली आणायला लागायचे.

एकच मुलगा मान वर ठेवून होता. एकवीस-बावीसचा असेल. चेकचा शर्ट, बाही एका हाताची दुमडलेली. त्याचा उमेदवार यादीत शेवटून तिसरा की चौथा. आकडे यायचे तीन, एक, शून्य, चार. तो प्रत्येक आकडा लिहीत होता. वहीत त्याने रकाने आखून आणले होते, मतदान केंद्राच्या क्रमांकासकट.

सातव्या की आठव्या फेरीत मी यंत्र जरा लवकर खाली घेतलं. मुद्दाम नव्हे, पण घेतलं. तो उठून जाळीपाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तेवढं परत दाखवता का? मला दिसलं नाही."

शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, अरे, काय असणार आहे त्यात. दोघंतिघं हसले. मी पुन्हा बटण दाबलं. यंत्र पहिल्यापासून सुरू होतं, मधूनच कुणाचा आकडा काढता येत नाही. सगळे उमेदवार पुन्हा एकेक करत येऊन गेले, मी यंत्र उंच धरून उभी, आणि त्याचा आकडा आला. शून्य. त्याने मान हलवली, "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि रकान्यात शून्य लिहिलं.

माझे कान गरम झाले होते. त्या मतदान केंद्रावर त्याच्या उमेदवाराला एकही मत नव्हतं, हे त्याला कळण्याचा हक्क दुसऱ्या कुणाच्या हजार मतांइतकाच होता, आणि मी तो डावलायच्या बेतात होते. त्यानंतर दिवसभर मी प्रत्येक आकड्यावर थांबले. पर्यवेक्षकांनी एकदा घड्याळाकडे बोट केलं, तरी थांबले.

५ जून, रात्री.

जेवणं झाल्यावर लेकीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बेक ऑफमध्ये तसं करतात, आई." द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ ही तंबूत भरणारी बेकिंगची टीव्ही-स्पर्धा २०१० पासून चालू आहे, तिच्यामुळे मीही बरेच भाग पाहिलेत. त्यात तांत्रिक फेरी असते. सगळ्यांना एकच पाककृती, तीही अर्धवट सांगितलेली. सगळे पदार्थ एका लांब टेबलावर ओळीने मांडतात आणि कुठला कुणाचा हे परीक्षकांना माहीत नसतं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ताटलीतलं खातात. साफ बिघडलेलंही. कोसळलेला केक असला तरी सुरी घालून तुकडा तोंडात घालतात आणि काय चुकलं ते सांगतात. मग क्रम वाचायला सुरुवात होते ती शेवटच्यापासून. सगळ्यात आधी त्याला कळतं.

लेकीचा मुद्दा हा होता की बिघडलेला केकही चाखला जातो. मला तो पटला. तिथे जिंकणाऱ्यालाही पैसे नसतात, फुलं आणि केक ठेवायचा कोरलेला स्टँड. तरी माणसं त्या तंबूत रडतात ती एवढ्यासाठीच असणार, की कुणीतरी नीट चाखून बघितलं.

आणि आपण, बघणारे? आपल्याला चव कधीच कळत नाही. २०२१ ला किश्वर चौधरी यांनी मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत पांता भात मांडला, पाण्यात भिजवलेला साधा भात, बंगाली शेतकऱ्याचं खाणं. त्या तिसऱ्या आल्या. तो भात कसा लागत होता ते मी सांगू शकत नाही, तरी परीक्षकांचे चेहरे बघून माझा विश्वास बसला. मत तर मी स्वतः देते, माझ्या बोटाने, सात सेकंद काचेआड चिठ्ठी बघते, आणि तरी निकालाच्या दिवशी अविश्वासाचे मेसेज माझ्याच फोनवर येऊन पडतात. ज्यांनी ती जाळी पाहिलेली नाही त्यांना मी दोष देत नाही. त्यांना जाळीजवळ उभं करून दाखवायला हवं. टीव्हीवर दिवसभर पक्षांच्या कार्यालयांतला गुलाल दाखवतात, त्यातली पाच मिनिटं एका टेबलाला दिली असती तर बरं झालं असतं.

लेकीने विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

काय होणार. त्याच्या उमेदवाराची अनामत गेली. वैध मतांच्या एक षष्ठांश मिळाली नाहीत की जाते, आणि त्याला त्याच्या आसपासही नव्हती. बाकीचे अपक्षांचे प्रतिनिधी दुपारीच निघून गेले होते. हा शेवटच्या फेरीपर्यंत बसला. शेवटच्या फॉर्मवर सही करायला आला तेव्हा जाळीच्या खालच्या फटीतून मी कागद सरकवला. त्याने आधी आपल्या वहीतला आकडा फॉर्मवरच्या आकड्याशी जुळवून पाहिला, मग सही केली. पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. नंतर वही मिटता मिटता मला म्हणाला, "मॅडम, आपल्या टेबलावर आमची एकसष्ट झाली."

आपल्या टेबलावर, म्हणाला.

लेकीने मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली. म्हणाली, "मुंबईतल्या त्या जागेच्या फरकापेक्षा तेरा जास्त."