तिसरा स्विमसूट: आधी उभा वेढा, मग बांधा

तिसरा सूट काल रात्री पूर्ण झाला आणि आज सकाळी पाण्यात जाऊन आला. चाळीस मिनिटं पोहले. एकदाही खांद्यावरचा पट्टा सावरला नाही, की पाण्यातून वर येताना मागचं कापड खाली ओढावं लागलं नाही. आणि आरशात बघितल्यावर पहिल्यांदाच वाटलं, हा सूट माझ्या अंगासाठी बेतलेला आहे. घरी स्विमसूट शिवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं मापांसकट लिहून ठेवते आहे.

आधीच्या दोघांबद्दल थोडं. माझे खांदे अरुंद आणि सीट रुंद. बांध्यांच्या तक्त्यात बघायला गेलं तर मी नासपतीच्या घरात. तिथला सल्ला ठरलेला असतो: वर फिकट रंग, झालर, नजर वर खेचा; खाली गडद आणि साधं. पहिला सूट मी अगदी तसाच शिवला. झालर सुंदर झाली होती. पण अंगात घातल्यावर पट्टे खांद्यात रुतले, छाती दाबली जाऊन खाली सरकली, मांडीची कड वर ओढली गेली आणि मागून कापड आत जायला लागलं. मग झालर कुणाला दिसणार? नजर जायची ती खांद्यावरच्या लाल वळाकडे. दुसरा सूट एक साइज मोठा बेतला. लांबी भागली, पण कंबर सैल पडली आणि पाण्यात शिरल्याबरोबर पोटापाशी पाण्याची पिशवी तयार झाली.

दोन्ही वेळा माप घेतलं होतं ते छाती, कंबर, सीट. तिन्ही आडवी. एकसंध स्विमसूट मात्र खांद्यावर लटकतो आणि दोन पायांमधून फिरून परत खांद्यावर येतो. म्हणजे त्याचं खरं माप उभं आहे, आणि ते मी घेतलंच नव्हतं.

उभा वेढा

पट्टा जिथे बसणार तिथे, खांद्याच्या मध्यावर टेप धरायची. पुढून छातीच्या सर्वांत उंच बिंदूवरून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून वर त्याच खांद्यावर. अंगाला बेताची लागेल एवढीच ताणायची. सरळ उभं राहायचं, मान वाकवून आकडा बघायचा नाही. मान वाकवली की एखाददुसरा सेंटिमीटर कमी भरतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगायचं. माझं तीनदा घेतलं: १६३, १६५, १६४. मी १६४ धरलं.

मग कागदी पॅटर्नवर तोच मार्ग मोजला. शिलाईची मार्जिन सोडून भरलं १४६. ताणणारं कापड अंगापेक्षा लहानच कापायचं असतं, पण किती लहान हे कापडावर ठरतं. माझ्या कापडाला उभ्यात सुमारे ७ टक्के कमी पुरेसं होतं, म्हणजे १५३ च्या आसपास. सात सेंटिमीटरची तूट! पहिला सूट खांद्यात का रुतत होता, याचं उत्तर या एका वजाबाकीत मिळालं. उंची सारखी असलेल्या दोघींचा वेढा असा वेगळा निघू शकतो, कारण एकीची उंची पायांत असते आणि दुसरीची धडात. माझी धडात आहे.

हे सात सेंटिमीटर कुठे घालायचे, यात माझे दोन दिवस गेले. सगळे कमरेवर घातले तर बगलेतली (बाजूची उभी) शिवण लांबते आणि कमरेचा खळगा खाली सरकतो. छातीच्या बिंदूपासून कमरेपर्यंतचं माझं माप पॅटर्नपेक्षा २ सेंटिमीटर जास्त होतं, कमरेखाली १. म्हणून पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांना कमरेच्या वर २ आणि खाली १ अशी फट देऊन कागद चिकटवला. दोन्हीकडे सारखंच वाढवल्यामुळे बगलेची शिवण जुळली. झाले सहा. राहिलेला एक सेंटिमीटर फक्त मागच्या भागात, आसनाच्या (दोन पायांमधल्या भागाच्या) टोकाला दिला. तिथे बगलेची शिवण नसते, त्यामुळे काही बिघडत नाही, आणि खाली बसल्यावर जास्तीचं कापड लागतं ते नेमकं तिथेच.

ज्यांचा वेढा पॅटर्नपेक्षा कमी भरेल त्यांनी याच रेषांवर घडी घालून कागद आखूड करायचा. लांबी जास्त झाली की पोटावर आडव्या चुण्या पडतात, आणि पोट नसलेल्या बाईलाही पोट दिसायला लागतं.

मांडीची रेषा: काळ्या नाडीचा प्रयोग

या भागात सर्वांत जास्त मजा आली. अंगाला घट्ट बसणारा जुना फिकट रंगाचा बॉडीसूट आणि त्याखाली त्याच रंगाची लेगिंग घातली. वरून अर्धा सेंटिमीटर रुंदीची काळी नाडी टाचून मांडीची कड आखली. तीन उंचींवर: मांडी जिथे सर्वांत रुंद तिथे, त्याच्या चार बोटं वर, आणि कमरेच्या हाडापर्यंत. प्रत्येक वेळी फोटो. फोन सीटच्या उंचीवर स्टुलावर ठेवला आणि मी तीन मीटर मागे उभी राहिले. हे फार महत्त्वाचं आहे. हातात फोन धरून वरून फोटो काढला तर लेन्सच्या जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. खांदे रुंद आणि पाय आखूड दिसतात, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

फोटो शेजारी शेजारी लावले. शॉर्ट्ससारखी आडवी कड मांडी झाकते म्हणून ती मला सोयीची वाटायची. पण रुंदीच्या शिखरावरच आडवी रेघ मारली की डोळा तिथेच थांबतो. कमरेच्या हाडापर्यंतच्या कटाने पाय लांब दिसले, पण पोहताना प्रत्येक लाथेला कापड सरकलं असतं. मधला कट, रुंद भागाच्या चार बोटं वर आणि बाहेरच्या बाजूला तिरका चढणारा, यात मांडी आणि कंबर एका ओघात दिसली. तोच ठेवला. मांड्या झाकलेल्याच हव्यात असं वाटत असेल तर कड रुंद भागावर न थांबवता खाली, मांडी निमुळती होते तिथपर्यंत नेलेली बरी.

गळा आणि पट्टे

अरुंद खांद्यांना पट्टे एकमेकांपासून दूर हवेत. चौकोनी गळा आणि खांद्याच्या टोकाकडे सरकवलेले पट्टे, एवढ्यानेच माझ्या खांद्याची रेषा सीटला तोलून धरते. पण माझे खांदे उतरतेही आहेत, त्यामुळे दूर बसवलेले पट्टे घसरणार. उपाय असा केला की पुढे पट्टे दूर, मागे मात्र दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये जवळ आणले. समोरून रुंद दिसतात आणि घसरत नाहीत.

माझ्यासोबत पोहणाऱ्या मैत्रिणीचं उलट आहे. तिचे खांदे पोहून भरलेले, सीट लहान. तिला पट्टे गळ्याकडे झुकलेले आणि मांडीचा कट थोडा उंच, असं छान दिसतं. छाती भरदार असेल तर मानेमागे बांधायचा हॉल्टर मी सुचवणार नाही. सगळा भार मानेवर येतो आणि तासाभरात मान दुखते. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टे, छातीखाली वेगळं इलॅस्टिक आणि अस्तरात पॉवरमेशचा (ताणणाऱ्या, घट्ट जाळीदार कापडाचा) एक थर, याने खरा आधार मिळतो. नुसत्या अस्तराने भागत नाही. छाती लहान असेल तर मध्यभागी थोड्या चुण्या पुरतात. जाड फोमचे कप पाणी धरून ठेवतात आणि बाहेर आल्यावर बराच वेळ गळत राहतात.

पोट

पॉवरमेशचा मोह मलाही झाला होता. पोटावर दोन थर लावून बघितले. पोट सपाट झालं खरं, पण दाबलेलं अंग कुठेतरी जाणारच. ते वर पाठीवर आणि खाली मांडीच्या कडेला बाहेर आलं. एक थर ठेवला, दुसरा उसवला. त्याऐवजी पुढच्या बाहेरच्या कापडाची बगलेची बाजू ८ सेंटिमीटर लांब कापली आणि डाव्या शिवणीत चुणून घेतली. अस्तर सपाटच. चुण्या डाव्या बगलेतून तिरक्या पसरतात, त्यांच्या लहान लहान सावल्यांमध्ये पोटाचा उंचवटा विरून जातो. कुठेही दाब नाही, श्वास मोकळा.

पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा विचार केला होता. आडवे पट्टे रुंद दाखवतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच लिहून ठेवलं आहे की एकाच मापाच्या दोन चौकोनांत आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद भासतो. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तेच बायकांच्या चित्रांवर तपासलं, तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी बाई रुंद दिसली नाही. त्यामुळे पट्टे आवडत असतील तर खुशाल घ्या. मी सोडले ते वेगळ्या कारणाने: घट्ट ताणलेल्या कापडावर पट्टे छातीवर आणि सीटवर वाकतात, आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखा प्रत्येक चढउतार दाखवतात.

कापड

दोन कापडं हाताशी होती. नायलॉन आणि इलॅस्टेनचं (रबरासारखा ताणणारा धागा) मऊ, चमकदार. आणि पॉलिएस्टर-पीबीटीचं (पीबीटी म्हणजे पॉलिएस्टरचाच ताणणारा, क्लोरीनला टिकणारा प्रकार) जरा कोरडं, मॅट. १० सेंटिमीटरची खूण करून दोन्ही १५ पर्यंत ताणली, अर्धा मिनिट धरली, सोडली. नायलॉनचं कापड १० वर परतलं. तेच मी आधीच्या सूटला वापरलं होतं. त्या सूटचं वापरलेलं कापड ताणलं तर १०.८ वरच थांबलं. क्लोरीन इलॅस्टेनला खातं, आणि इलॅस्टेन गेलं की उत्तम बेतलेला सूटही पिशवी होतो. मी आठवड्यातून चार दिवस तलावात असते, म्हणून पीबीटी. ते थोडं कमी ताणतं, त्यामुळेच वेढ्याचं माप आणखी चोख लागतं. वर्षातून चार वेळा समुद्रावर जाणाऱ्यांनी नायलॉनच घ्यावं, अंगावर ते जास्त सुखाचं लागतं.

इलॅस्टेनचा शोध १९५८ सालचा, ड्यूपाँटमधल्या जोसेफ शिव्हर्स यांचा. त्याआधी कित्येक वर्षं विणलेल्या लोकरीचे सूट घालून लोक पोहायचे. भिजल्यावर ते लोंबत असत. हातात ओलं कापड पिळताना मला हे हमखास आठवतं, आणि त्या काळच्या पोहणाऱ्या बायकांबद्दल फार आदर वाटतो.

रंग गर्द जांभळा. फिकट रंग ओला झाला की धाग्यांमधली हवेची जागा पाणी घेतं आणि कापड पारदर्शक होतं. फिकट घेणार असाल तर पुढेमागे पूर्ण अस्तर द्याच.

शिलाई

थोडक्यात: ७५ नंबरची स्ट्रेच सुई, पॉलिएस्टर दोरा, अरुंद झिगझॅग. कड दुमडून वरून तीन टाक्यांचा झिगझॅग. गळ्याला इलॅस्टिक जवळजवळ कडेएवढंच. मांडीला पुढच्या अर्ध्यात कडेएवढं, मागच्या अर्ध्यात ताणून. पुढे ताणलं तर मांडीत रुततं, मागे ताणलं नाही तर सीटखाली सुटतं. इलॅस्टिक पोहण्याच्या कपड्यांसाठीचं रबरीच घ्या.

पाण्यात

खांद्याचे पट्टे पक्के करण्याआधी कच्चे टाके घालून सूट अंघोळीत भिजवला आणि ओल्यानेच सगळं केलं: हात वर, खाली बसणं, वाकणं, बेडकासारख्या दहा लाथा. ओलं कापड जड होऊन खाली येतं. कोरड्यात नेमके वाटणारे पट्टे ओल्यात सव्वा सेंटिमीटर लांब निघाले. तेवढे कापून मग पक्की शिलाई मारली. हे आधीच्या दोन्ही वेळी केलं नव्हतं.

आज पोहून आल्यावर खांदे बघितले, वळ नाही. उजव्या मांडीच्या मागे कड किंचित सुटते; तिथलं इलॅस्टिक उसवून आणखी एक सेंटिमीटर ताणून लावेन. मैत्रिणीचा वेढा संध्याकाळी घेतला, १५१ भरला. पॅटर्नचं तयार माप १४६, तिला ७ टक्के कमी करून हवेत १४०. म्हणजे तिच्यासाठी त्याच कागदाला सहा सेंटिमीटरच्या घड्या घालायच्या आहेत, आणि तिला आडवे पट्टेच हवे आहेत.