उसासा की सुस्कारा

दोन वर्षं झाली या गोष्टीला, पण नववीला ती कविता शिकवायची वेळ आली की मला अजून पहिल्या ओळीलाच थांबायला होतं, म्हणून एकदा लिहून काढतेय.

मी नवोदयला इंग्रजी शिकवते, सहावी ते दहावी. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातून सहावीची प्रवेश परीक्षा देऊन मुलं येतात आणि बारावीपर्यंत इथंच राहतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मायग्रेशनचं मात्र बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. आठवी संपली की वर्गातली तीस टक्के मुलं एका वर्षासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयला जातात आणि तिकडची मुलं आमच्याकडे येतात. ८० मुलं धरली तर २४. तेरा-चौदा वर्षांची पोरं, पेटी, बादली, गादीची वळकटी घेऊन बसमध्ये चढतात, रात्री जिच्याशी भांडली तिच्याच गळ्यात पडून रडतात आणि जातात. मागे राहिलेल्यांच्या वर्गात बाकं अर्धी रिकामी दिसतात, चार-आठ दिवसांनी तिकडची मुलं येऊन त्याच बाकांवर बसतात, त्यांना पोळी-भाजी चालते पण झुणका चालत नाही, आणि आपल्या मुलांना वाटतं आपल्या मैत्रिणीच्या जागेवर कुणीतरी येऊन बसलंय.

आणि नेमकी अशा वेळी पुस्तकातली पहिलीच कविता म्हणजे रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन'. जंगलात दोन वाटा फुटतात, एक माणूस उभा राहतो, एक वाट घेतो.

ही कविता मी पहिली नऊ वर्षं चुकीची शिकवली. सगळेच शिकवतात तशी. पोस्टरवर असते तशी. कवीने धाडस केलं, मळलेली वाट सोडली आणि म्हणून तो मोठा झाला, मुलांनो तुम्हीही मळलेल्या वाटेनं जाऊ नका. मराठीत तर 'मळलेली वाट' हा शब्द तयारच आहे, तो तोंडात आला की पुढचं भाषण आपोआप होतं. मला वाटतं आपल्याला फसवलंय ते या शब्दानंच, कारण कवितेत तसं काही नाहीये. दुसऱ्या कडव्यात तो आधी म्हणतो की ही वाट गवताळ होती, 'वॉन्टेड वेअर'. (इथं दरवर्षी सगळी मुलं 'वॉन्टेड' म्हणजे 'पाहिजे होतं' असं लिहितात, त्यांना सांगावं लागतं की इथं त्याचा अर्थ कमतरता, म्हणजे तिच्यावरून फारसं कुणी चाललेलं नव्हतं.) पण लगेच पुढच्या ओळीत तो स्वतःचंच बोलणं मागे घेतो. म्हणतो, तसं पाहिलं तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी दोन्ही वाटा 'रिअली अबाउट द सेम' झिजवल्या होत्या. साधारण सारख्याच! आणि तिसऱ्या कडव्यात परत सांगतो की त्या सकाळी दोन्हींवर सारखाच पाचोळा पडलेला होता, कुणाच्या पावलानं काळा न झालेला.

ही 'काळा' भानगड आमच्या मुलांना कळत नाही आणि ती समजावून सांगायला मला मनापासून आवडतं. आमच्या शाळेच्या मागे सागाचं रान आहे, मार्चमध्ये पानं गळली की त्यावर पाय ठेवला की कडाकड वाजतं, चुरा होतो. "मॅडम, पाचोळा काळा कसा होईल?" बरोबर प्रश्न आहे. मग सांगायचं की तिकडची पानगळ ओल्या हवेतली, पानं भिजलेली असतात, त्यावरून माणसं चालली की ती चिखलात कुस्करून काळी पडतात, म्हणजे पानं अजून पिवळी आहेत याचा अर्थ सकाळपासून इथून कुणीच गेलेलं नाही, ना या वाटेनं ना त्या. एवढी एक ओळ नीट समजली तरी पोस्टर उतरून ठेवावं लागतं.

मग ती 'कमी वापरलेली वाट' येते कुठून? ती शेवटच्या कडव्यात येते. तिथं तो म्हणतो की खूप खूप वर्षांनी मी हे 'विथ अ साय' (sigh) सांगत असेन की दोन वाटा होत्या आणि मी, मी कमी वापरातली घेतली. 'मी' तिथं दोनदा येतो, मध्ये ओळ तुटते. हा सगळा भविष्यकाळ आहे, म्हणजे वाट तशी होती असं नाही, तो पुढे तसं सांगणार आहे. आणि कवितेचं नावसुद्धा न घेतलेल्या वाटेचं आहे.

त्या वर्षी मी हे सगळं पहिल्यांदा पूर्ण उलगडून शिकवलं. एडवर्ड थॉमसचं पण सांगितलं. फ्रॉस्ट १९१२ ते १९१५ इंग्लंडमध्ये होता, थॉमस त्याचा जिवलग मित्र, दोघं ग्लॉस्टरशायरमध्ये डिमॉक गावाच्या आसपास तासन्‌तास फिरायचे, आणि कुठल्याही वाटेनं गेलं तरी थॉमस नंतर हळहळायचा की दुसरीकडून गेलो असतो तर अजून काही बघायला मिळालं असतं. त्याची थोडी गंमत करायला म्हणून फ्रॉस्टने ही कविता लिहिली आणि त्याला पाठवली. थॉमसला ती गंमत वाटली नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, तेव्हा त्याच्यापुढेही दोन वाटा होत्या, फ्रॉस्टच्या मागे अमेरिकेला जायचं की सैन्यात. वय ३७, बायको, तीन मुलं, सक्तीची भरती तेव्हा सुरूही झालेली नव्हती. जुलै १९१५ मध्ये त्याने सैन्यात नाव घातलं आणि ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत गेला. कवितेमुळे गेला असं काहीजण म्हणतात, मी तसं म्हणत नाही, पण ही तारीख सांगितली की वर्ग गप्प होतो.

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो सैन्यात का गेला? त्याला माहीत होतं का?"

मी सांगितलं की एका मैत्रिणीनं त्याला विचारलं होतं, कशासाठी लढायला चाललास, तर त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि म्हणाला, अक्षरशः ह्याच्यासाठी.

ती म्हणाली, "म्हणजे विचारल्यावर सापडलं."

मी त्यावर थांबायला हवं होतं पण तासाची पाच मिनिटं उरलेली, मी पुढे गेले.

गृहपाठ दिला की शेवटचं कडवं आपापल्या भाषेत लिहून आणा. दुसऱ्या दिवशी सगळी गाडी अडली 'साय'वर. मराठीत उसासा लिहिला तर माणूस दुःखी झाला. सुटकेचा निःश्वास लिहिला तर खूश झाला. इंग्रजीत तो शब्द दोन्हीकडे उभा राहतो, आपल्याला एक बाजू घ्यावीच लागते. हिंदीवाल्या मुलांचंही तेच, कुणी 'आह भरकर' लिहिलं तर कुणी 'राहत की साँस'. एका नव्या मुलाने 'गहरी साँस लेकर' लिहिलं होतं, मी त्याला फळ्यावर बोलावून लिहायला लावलं, आल्यापासून तो पहिल्यांदा हसला त्या दिवशी. आणि खिडकीजवळच्या मुलीने वहीत 'उसासा' लिहून खोडलं होतं, 'सुस्कारा' लिहून तेही खोडलं होतं, आणि शेवटी नुसतं 'श्वास सोडून' ठेवलं होतं. अकरा वर्षांत या ओळीचं यापेक्षा चांगलं भाषांतर माझ्या हातात आलेलं नाही.

ती मायग्रेशनच्या यादीत होती हे मला माहीत होतं. शेवटच्या क्षणी तिचं नाव निघालं आणि दुसरी मुलगी गेली. होस्टेलमध्ये चर्चा होती की घाबरली. तिच्या बाकावरची मैत्रीण गेली होती, ती नाही.

मग युनिट टेस्ट. आमच्याकडे 'अ' आणि 'ब' तुकडीचे पेपर आम्ही दोघं शिक्षक अदलाबदल करून तपासतो, पक्षपात नको म्हणून. उत्तरतालिका बाहेरून आलेली, सगळ्यांना एकच. प्रश्न तीन मार्कांचा, कवीने कोणती वाट निवडली आणि का. तालिकेत तीन मुद्दे: कमी वापरलेली वाट, धाडसी निर्णय, त्यामुळे आयुष्य बदललं. हे मला आजही सहन होत नाही. कवितेच्या नवव्या-दहाव्या ओळीत जे स्वच्छ लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट आपण मार्क देऊन लेकरांकडून पाठ करून घेतो, आणि जे मूल खरंच ओळ वाचतं त्याचे मार्क कापतो. सहकारी सर वाईट नाहीत, मेहनती आहेत, पण तालिकेच्या बाहेर एक पाऊल टाकत नाहीत. तिला तीनपैकी एक दिला होता आणि बाजूला लाल पेनने लिहिलं होतं, विषयांतर.

तिचं उत्तर इंग्रजीत होतं, स्पेलिंगच्या चुका होत्या, पण असं होतं. दोन्ही वाटा सारख्याच होत्या. त्याने एक घेतली कारण एकच घेता येते. पुढे लोक विचारतील का घेतलीस, तेव्हा काहीतरी सांगावं लागेल, म्हणून तो सांगेल की ती कमी वापरलेली होती. मला पण सगळे विचारतात तू का गेली नाहीस. पप्पा म्हणाले तू म्हणशील तिथे सही करतो. मी एक रात्र विचार केला, दोन्हीकडे सारखंच वाटत होतं. सकाळी नाही म्हणाले. मला अजून कारण सापडलं नाही.

मी ते स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचलं. मग सरांकडे गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, उत्तर चांगलंय, पण उद्या दुसऱ्या पालकानं विचारलं तर मी तालिका दाखवणार की तुमची कविता?" बराच वेळ झाला आमचं. शेवटी मी पुस्तक उघडून त्या दोन ओळींवर बोट ठेवलं, त्यांनी वाचल्या, परत वाचल्या आणि तीन करून सही केली. मला खूप मोठं काहीतरी मिळवल्यासारखं वाटत होतं.

त्याच जोरात मी वर्गात गेले आणि ते उत्तर वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. पप्पांचं वाक्य गाळलं, रात्रीचं गाळलं, तेवढी काळजी घेतली मी. पण 'मला पण सगळे विचारतात तू का गेली नाहीस' हे वाक्य वाचलं, कारण मला ते उत्तराचं काळीज वाटलं होतं, त्याच्याशिवाय नुसती समीक्षा उरत होती. आणि त्या वर्गात हा प्रश्न फक्त एकाच मुलीला विचारला जात होता. माझं वाचून संपायच्या आत मागच्या बाकावरची पोरं खिडकीकडे वळून बघत होती. ती पुस्तकात मान घालून बसली होती, कान लाल झाले होते.

सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. रडत नव्हती. पेपर परत मागितला, घडी घातली आणि म्हणाली, "मॅडम, ते मी तुम्हाला लिहिलं होतं."

मी सॉरी म्हणाले. ती "ओके मॅडम" म्हणाली आणि गेली. त्यानंतर दहावी संपेपर्यंत तिची सगळी उत्तरं तालिकेप्रमाणे आली, व्यवस्थित, मुद्देसूद, पूर्ण मार्क. खोडलेलं काही नाही. मी वहीत 'आणखी लिही' असं लिहिलं की खाली दोन वाक्यं जास्तीची यायची, गाईडमधली.

मला नीट कळत नाही मी काय वाचत होते त्या दिवशी. आनंद खरा होता, एवढं मला ठाऊक आहे. कविता कुणीतरी अशी आतून वाचावी म्हणूनच तर मी इतकी वर्षं घसा कोरडा करते. पण तिला कारण सापडत नव्हतं आणि ते सापडत नाहीये हे तिने मला एकटीला सांगितलं होतं, परीक्षेच्या पेपरमध्ये, कारण तिथं मार्कांशिवाय कुणी काही म्हणत नाही असं तिला वाटलं असेल.

आता ती अकरावीला आहे, सायन्स घेतलंय, हाऊस कॅप्टन आहे. गेल्या आठवड्यात यंदाची मायग्रेशनची बस निघाली, मी ड्युटीवर होते. एक बारकी मुलगी पेटी सोडायलाच तयार नव्हती, रडून नाक लाल. ही तिच्याजवळ खाली बसली, तिची वळकटी दोरीने घट्ट बांधून दिली. त्या मुलीने विचारलं, "दीदी, तुम्ही गेल्या होत्या का?"

तिने मान वर केली. मी चार पावलांवर हजेरीचा कागद घेऊन उभी होते, तिने मला पाहिलं.

"नाव होतं माझं," ती म्हणाली. "मी, मी जाणारच होते. पप्पांनी सही केली नाही."

आणि मोठा श्वास सोडून तिने ती पेटी उचलली आणि बसमध्ये नेऊन ठेवली.