मेव्हनमध्ये जार अडला की लगेच डॉट-एमटू पुसू नका

मेव्हन हे जावाचं बिल्ड टूल. बरीच मॉड्यूल असलेल्या मेव्हन प्रोजेक्टचं बिल्ड फेल झालं की हात आधी जातो डॉट-एमटू फोल्डरवर, म्हणजे मेव्हन जार (लायब्ररीच्या फाइल) साठवतो त्या लोकल रिपॉझिटरीवर. सगळं पुसायचं आणि पुन्हा डाउनलोड करायचं. कृपा करून असं करू नका, त्यात वेळही जातो आणि पुरावाही. आधी एवढंच बघा: जार सापडतच नाहीये, की भलत्याच व्हर्जनचा सापडतोय?

न सापडणारा जार आपल्याच शेजारच्या मॉड्यूलचा असेल, तर बहुधा कमांड त्या एका मॉड्यूलच्या फोल्डरमधून दिलेली असते. तिथून मेव्हनला बाकीची मॉड्यूल दिसत नाहीत, मग तो लोकल रिपॉझिटरीत शोधतो. समजा वेब आणि कोअर ही तुमची दोन मॉड्यूल आहेत. सर्वात वरच्या फोल्डरमधून 'एमव्हीएन -पीएल वेब -एएम पॅकेज' चालवा. -एएममुळे वेबला लागणारं कोअर आधी बिल्ड होतं. कोअर लोकल रिपॉझिटरीत सापडलं, पण आठवड्यापूर्वी इन्स्टॉल केलेलं, तर जास्त फसगत होते: बिल्ड पास, आणि तुमचा बदल कुठेच नाही.

बाहेरच्या जारबद्दल 'आधीचं अपयश कॅश झालंय' असा मेसेज असेल तर कमांडला -यू (पुन्हा शोधायला लावणारा पर्याय) जोडलं की पुरतं. रिपॉझिटरीचा पत्ता साधा एचटीटीपी असेल तर मेव्हन 3.8.1पासून तो अडवला जातो.

खरी डोकेदुखी भलत्या व्हर्जनची. मेव्हन सर्वात नवं नाही, डिपेंडन्सींच्या साखळीत सर्वात जवळचं व्हर्जन उचलतो. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगची फाइल) आधी लिहिलेलं. समजा वेबमधली एक जुनी लायब्ररी ग्वावा (गूगलची जावा लायब्ररी) 19.0 आणते, म्हणजे वेबपासून दोन पायऱ्या. कोअरमधली क्लायंट लायब्ररी 31.1 मागते, म्हणजे वेबपासून तीन. वेबमध्ये 19.0 जिंकतं. क्लायंट ग्वावाच्या ज्या चेकआर्ग्युमेंट मेथडला बोलावते, त्याचं थेट एक-दोन ऑब्जेक्ट घेणारं रूप 20.0मध्ये आलं, म्हणून रनटाइमला नोसचमेथडएरर (अशी मेथडच नाही ही एरर). कोअरच्या टेस्ट मात्र पास, कारण तिथे 31.1च असतं.

'एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज -डीइन्क्लूड्स=कॉम.गूगल.ग्वावा' वेबवर चालवा. 'ऑमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' लिहिलेली ओळ म्हणजे हरलेलं व्हर्जन. मग सगळ्या मॉड्यूलच्या सामाइक पॅरेंट पॉमच्या डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये 31.1-जेआरई बांधून टाका. दुसऱ्या लायब्ररीतून आत येणाऱ्या ग्वावालाही ते लागू होतं. त्याऐवजी ग्वावा वगळणारं एक्सक्लूजन एकेका ठिकाणी टाकत बसलात, तर पुढची नवी लायब्ररी 19.0 पुन्हा आत आणेल.

शिवाय पॅरेंटमध्ये एन्फोर्सर प्लगइनचा रिक्वायर-अपर-बाउंड-डेप्स नियम लावा; एखाद्या लायब्ररीने मागितलेल्यापेक्षा जुनं व्हर्जन निवडलं गेलं की तो बिल्ड अडवतो. जुन्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा तो लांबलचक यादी काढेल. रनटाइमला फुटलेल्या लायब्ररीपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक व्हर्जन बांधल्यावर ट्री पुन्हा बघा.