टाकीला तेरा-झिरो-पंचेचाळीस

रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. टाकीतल्या दगडांवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा, तारेच्या टोकाला बुडबुडा, आणि पंपाच्या झोतात हे सगळं लवलवतंय. खाली वहिनींचे दोनच शब्द : "भाऊ, पुन्हा."

यवतमाळात माझं माशांचं दुकान आहे. पोट भरतं ते गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न आणि वास्तूसाठी अरवाना नेणाऱ्यांवर. खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो त्या मोजून पाच, आणि त्यातली सगळ्यात लांबची ही. घाटंजीच्या पुढे, एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातल्या घरात. चार बाय दोन बाय दोन फूट. खालची गाळणीची टाकी, म्हणजे सम्प, धरून आणि दगड-वाळू वजा जाता साधारण ४०० लिटर पाणी. हौस घरच्या धाकट्या मुलाची. लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं, ते डोक्यात बसलेलं. दोन महिन्यांत हौस फिटली आणि टाकी त्याच्या बायकोच्या गळ्यात आली. टाकीच्या दृष्टीनं बरंच झालं. वहिनी अमरावतीच्या, बी. फार्म. तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट, दर रविवारी वहीत तारखेसकट. माझ्या दुकानाचा हिशोबसुद्धा इतका नीट नाही.

"पुन्हा" कशासाठी ते सांगतो. एप्रिल-मेमध्ये या टाकीत हिरवं केसाळ शेवाळ माजलं होतं. कूलर आणि पंख्यांच्या वाऱ्यानं रोज सात-आठ लिटर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. तेही आरओ-डीआय गाळणीतून काढलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारं. पण लाइन जायची, आरओचा ड्रम भरायचा नाही, आणि घरातलं कुणीतरी बादलीभर बोअरचं पाणी ओतून मोकळं व्हायचं. ते बोअरचं पाणी मी तपासलं तर नायट्रेटची नळी लालभडक. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं असं भारतीय मानक सांगतं. रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या, टाकीत दहाच्या वर गेलं की मला झोप लागत नाही. चोहीकडे पऱ्हाटी आणि सोयाबीन, शेताशेतात युरियाची पोती. झिरपणार ते कुठं? दगडांवर बोटभर लांब हिरवे केस उगवले.

तेव्हा बोअरचं पाणी बंद केलं, केस हातानं उपटले, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडल्या आणि फॉस्फेट ओढून घेणाऱ्या दाण्यांची पिशवी सम्पमध्ये लावली. गंजाच्या रंगाचे दाणे, लोखंडाचेच असतात. इथवर ठीक. पण निघताना, हेल्मेट घालता घालता, मी एक वाक्य बोलून गेलो : "वहिनी, नायट्रेट-फॉस्फेट शून्याच्या जितकं जवळ, तितकं बरं." दुसरं कुणी असतं तर विसरून गेलं असतं.

सकाळी गाडीला किक मारली. पोळा होऊन पंधरवडा झाला होता. पऱ्हाटीला बोंडं धरलेली, जिनिंग बंद, आवारात दोन कुत्री आणि मागच्या हंगामातली सरकी. टाकीसमोर उभा राहिलो आणि बघतच राहिलो. दगड जवळजवळ स्वच्छ!

"काल रात्री तर किती होतं," मी म्हटलं.

"रोज असंच करते भाऊ. सकाळी कमी, दुपारी लाइट लागला की वाढते, संध्याकाळी पूर्ण गालिचा. मी पाइपनं ओढून काढते, पाणी बदलते. दुसऱ्या दिवशी डबल."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. शेवाळ रात्री कुठं जात नाही. ते वाढतं, वाळतं, कुणी खाल्लं तर संपतं. रात्री उठून फिरायला जाणारं शेवाळ मी पाहिलेलं नाही. खाली वाकून पाहिलं, तर वाळूवर टर्बो उलट्या पडलेल्या. सहापैकी चार मेलेल्या, दोन काचेला कशाबशा चिकटून. क्लाउनफिशची जोडी ठीक होती. या टाकीत सगळं मऊ प्रवाळ आहे : लेदर, मशरूम, झोअँथिड. खडक बांधणारं कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, ते मी दुकानात ठेवत नाही आणि कुणी मागितलं तर दारही दाखवतो. लेदर मिटून बसलं होतं, अंगावर मेणचट थर.

खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. तापमान २७. मग टेस्ट किट काढली. नायट्रेटची नळी पाच मिनिटांनी पाण्यासारखी पांढरी. फॉस्फेट, तीही पांढरी. वहिनींनी वही पुढे केली. जुलैपासून दोन्ही रकान्यांत ०, ०, ०, ०. खाली बारीक अक्षरात : "दाणे दर १५ दिवसांनी बदलले. फीडिंग अर्धं केलं." वही पाहून मला शाबासकी द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी तोंड लपवावंसं वाटलं. टाकी उपाशी होती, आणि उपास मी सांगितला होता.

नायट्रेट-फॉस्फेट पार शून्य झालं की शेवाळ मरतं, पण त्याच्याबरोबर दगडावर जागा धरून बसलेले चांगले जिवाणूही कमी होतात. मोकळी झालेली जागा ज्याला भुकेतही जगता येतं तो घेतो. माझा संशय डायनोफ्लॅजेलेटवर होता. एकपेशीय जीव, दोन शेपट्यांनी पोहणारे. समुद्राला लाल करणारे यांच्याच घराण्यातले, आणि गंमत म्हणजे प्रवाळाच्या अंगात राहून त्याला जेवू घालणारेही त्याच घराण्यातले. पण संशयावर औषध करायचं नाही हे मी एव्हाना शिकलो होतो.

घरगुती परीक्षा आधी केली. हातमोजे घालून थोडा गाळ बाटलीत घेतला, टाकीचं पाणी घातलं, खूप हलवलं, इतकं की तारांचा मागमूस उरला नाही. मग पेपर नॅपकिनमधून काचेच्या ग्लासात गाळलं. गाळलेलं पाणी स्वच्छ. ग्लास खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि चहा घेतला. शेवाळाचे तुकडे असते तर नॅपकिनवरच राहिले असते. पाऊण तासानं ग्लासात तळापासून वर, जाळ्यासारख्या, तपकिरी तारा पुन्हा विणल्या गेल्या होत्या.

वहिनी पुढं वाकल्या तसं मी म्हटलं, "हात नका लावू." यातल्या काहींच्या अंगात जबर विष असतं, गोगलगायी त्यानंच गेल्या असणार. दारात मोठे काका, म्हणजे वहिनींचे सासरे, उभे होते. वाटलं, हातमोजे पाहून हसतील. ते म्हणाले, "घाल बाप्पा, घाल." २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली; तेव्हापासून मोज्यांवर इथं कुणी विनोद करत नाही.

कोणता डायनो ते कळल्याशिवाय उपाय ठरत नव्हता, आणि त्याला मायक्रोस्कोप हवा. काकांनी गावातल्या शाळेच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. बाटली खिशात घालून गेलो. प्रयोगशाळेत आरशाचा जुना मायक्रोस्कोप, फडक्यात गुंडाळलेला. सरांनी तो खिडकीशी ठेवला, आरसा फिरवून उजेड पकडला. थेंबावर काच ठेवली, दहाच्या भिंगातून पाहिलं.

पाहिलेलं तसंच्या तसं सांगतो. पिवळट-तपकिरी थेंबांसारखे जीव, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला निमुळते. निमुळतं टोक जणू कुणी टाचणीनं रोवलंय आणि बाकीचं अंग त्याच्याभोवती झुलतंय. डावीकडे, उजवीकडे, मधूनच पूर्ण गिरकी. सगळे जागच्या जागी. तोवर नववीचा अर्धा वर्ग दारात जमला होता. सरांनी एकेकाला बघू दिलं. एक पोट्टा डोळा न काढता ओरडला, "सर, हे तं तीळ नाचून राह्यले!"

याहून चांगलं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही. ऑस्ट्रिऑप्सिस. नाव कळलं तसा मी जरा सैलावलो, कारण याला एक वाईट खोड आहे, तीच आपल्या कामाची. रात्री हा दगड सोडून पाण्यात तरंगतो. तेव्हाच यूव्ही दिव्याखालून, म्हणजे अतिनील उजेडातून, पाणी फिरवलं की सापडतो. इतर काही डायनो वाळू सोडतच नाहीत, त्यांच्यापुढं यूव्हीचा इलाज चालत नाही.

परत येऊन आधी दाण्यांची पिशवी काढून फेकली. पाणी बदलणं बंद, कारण दर नव्या पाण्याबरोबर आपण भूक वाढवत होतो. विष शोषून घ्यायला कार्बनची पिशवी लावली. दुकानात कोईच्या हौदासाठी आणलेला ३६ वॅटचा यूव्ही पडून होता, तो संध्याकाळच्या एसटीनं पाठवायला पोराला फोन केला. आणि वहिनींना सांगितलं, "आता टाकीत नायट्रेट टाकायचं."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीतला शून्यांचा रकाना फक्त माझ्याकडे वळवला.

"माझंच चुकलं," मी म्हटलं. "मी सांगितलं तेच तुम्ही केलं."

टाकीसाठी नायट्रेटची बाटली मागवली असती तर चार दिवस लागले असते. पण आतलं रसायन काय, तर पोटॅशियम नायट्रेट. आणि सप्टेंबरात पोटॅशियम नायट्रेट विदर्भातल्या कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं, बोंडं भरताना पऱ्हाटीवर फवारतात ते, तेरा-झिरो-पंचेचाळीस. आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे. नाक्यावरच्या दुकानातून एक किलोची पुडी आणली, सूक्ष्म अन्नद्रव्यं न मिसळलेली. तांबं-जस्त टाकीत गेलं तर उरल्यासुरल्या गोगलगायीही जायच्या. सोबत फॉस्फेटसाठी झिरो-बावन्न-चौतीस. काका पुडी उलटसुलट करून बघत होते. "बोअरच्या पान्यात खत जास्त म्हनून तुमी ते बंद केलं. आता इकत आनून टाकता?"

हिशोब वहिनींनीच केला. पोटॅशियम नायट्रेटमध्ये वजनानं ६१ टक्के नायट्रेट. म्हणजे ४०० लिटरला एक ग्रॅम टाकलं की दीड पीपीएम (लिटरला दीड मिलिग्रॅम). आपल्याला तीन दिवसांत पाचपर्यंत जायचं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन ग्रॅम. सोबत जाणारं पोटॅशियम तीन पीपीएम; समुद्राच्या पाण्यात ते मुळातच ४००च्या आसपास असतं, त्यामुळे फिकीर नाही. आता मोजायचं कशावर? जिनिंगच्या फाटकाशी ट्रकचा वजनकाटा. त्यावर बैलगाडीसकट कापूस मोजतात, आणि आम्हाला एक ग्रॅम हवा होता. शेवटी काकांनी माणूस सोनाराकडे पाठवला. सोनारानं काटा द्यायला नकार दिला, पण खत मोजून द्यायला तयार झाला. एकेक ग्रॅमच्या चार पुड्या आल्या, गुलाबी कागदात बांधलेल्या, नथीसारख्या. फॉस्फेट इतकं कमी लागतं की सोनाराचाही काटा हरला असता. एक ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातलं तीस मिली सिरिंजनं टाकायचं, की ४०० लिटरला ०.०५ पीपीएम. दगड ते रात्रीतून शोषून घेतात, म्हणून रोज तपासून रोज टाकायचं.

पहिली पुडी वहिनींनी सोडली. हात किंचित थरथरत होता.

संध्याकाळी यूव्ही आला, तो टाकीतच जोडला, सम्पमध्ये नाही. लाइट बंद केला आणि सोयाबीन झाकायची काळी ताडपत्री टाकीभोवती तीन दिवसांसाठी गुंडाळली. घरातल्या आजी येऊन विचारून गेल्या, "मासोया आंधाऱ्यात काऊन कोंडल्या?" मी निघालो तेव्हा नऊ वाजले होते. घाटंजी रोडवर पावसानं गाठलं.

चौथ्या दिवशी ताडपत्री निघाली. तारा होत्या, पण तुरळक आणि विरलेल्या. नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०३. दहाव्या दिवशी लेदर उघडलं, अंगावरची मेणचट कात टाकून. तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोटो आला. मागच्या काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा हिरवा ठिपका. हिरवं केसाळ शेवाळ, एप्रिलमधलं. "काढू का?"

"राहू द्या," मी लिहिलं. "शून्य नको, म्हणून सांगत होतो ना. ते आलं म्हणजे पोटात अन्न आलं."

त्यांनी वहीचा फोटो पाठवला. नायट्रेटच्या रकान्यात ५, भोवती लाल पेनानं गोल.

दोन दिवसांनी काकांचा फोन. मला वाटलं बिलाबद्दल असेल.

"काय भाऊ, ते तेरा-झिरो-पंचेचाळीस टाकीले अजून लागन काय?"

"नाही काका, आता नाही. माशांच्या खाण्यातनंच निघेल."

"मंग नवशे शहान्नव ग्राम उरलं न ते. दहा लिटरच्या पंपाले शंभर ग्राम टाकतो. नव पंप होते. पाऊस उघडला हाय, मारतो पऱ्हाटीवर."