नऊ सेंटिमीटर कंबरेचा फ्रॉक

मार्चअखेरीला माळा आवरताना चपलांच्या जुन्या खोक्यात ती सापडली. अंगावर चिंधी नाही, केसांचा काथ्या झालेला, एका पायाच्या बोटांवर दातांच्या खुणा. त्या माझ्याच, असं आई म्हणते. १९८३ साली आत्याने अमेरिकेहून आणलेली बार्बी. तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात तिला बघायला मुली यायच्या आणि मी कुणाला हात लावू द्यायची नाही. तिचे मूळचे कपडे कधी आणि कुठे गेले, देव जाणे. "टाकून दे आता," आई म्हणाली. मी म्हटलं, या उन्हाळ्यात दोन कपडे तरी शिवते, मग बघू.

कपडे कसले, ते माझ्या डोक्यात आधीच होतं. आईचा लहानपणीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, १९६० चा, पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीसमोर काढलेला. बाकीचे सगळे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी नारायण पेठेतल्या घराबरोबर गेले. हा वाचला, कारण त्याची एक प्रत साताऱ्याच्या मामांना पाठवलेली होती. फोटोत आई आठ वर्षांची. चौकोनी गळा, फुग्याच्या बाह्या, कमरेला दाट चुण्या, गळ्याला आणि घेराला नागमोडी लेस, पुढे खिसा. फ्रॉकची अर्धी बाजू आजोबांच्या धोतरामागे गेली आहे.

शिवण मला येतं. ब्लाउज, परकर, पडदे, लेकीचे फ्रॉक, सगळं केलंय. एवढीशी बाहुली म्हणजे एका दुपारचं काम, अशा तोऱ्यात बसले. तीन आठवडे लागले.

पहिली अडचण मापाची. एवढ्या लहान अंगाला टेप नीट बसतच नाही. मी दोरा गुंडाळून पट्टीवर मोजला: उंची साडेअकरा इंच, छाती तेरा सेंटिमीटरच्या थोडी वर, कंबर नऊ. नुसत्या आकड्यांवरून बेतलेला पहिला कागदी नमुना कुठेच बसेना, कारण तिच्या अंगाला सपाट जागाच नाही. मग लेकीने सुचवलेला उपाय केला. बाहुलीला डबे झाकायचं पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं, वरून रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावली, त्यावर पेनाने गळा, मुंढा (बाही जोडायची जागा), कंबर, बाजूची शिवण आखली आणि कात्रीने तो थर साल सोलल्यासारखा काढला. सपाट करायला जिथे चीर द्यावी लागली तिथेच टक्स, म्हणजे कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या चिमट्या. आयुष्यभर मी टक्स पुस्तकातल्या मापाने घातले; ते नेमके कशासाठी असतात हे त्या चिकटपट्टीच्या सालाने दाखवलं.

हात बसावा म्हणून आधी सोपा कपडा घेतला, मानेमागे बांधायचा, पूर्ण गोल घेराचा उन्हाळी ड्रेस. १९४७ च्या फेब्रुवारीत फॅशन डिझायनर ख्रिश्चन दिओरने पॅरिसमध्ये बारीक कंबर आणि भरपूर कापडाचा घेर आणला, त्याची छाप पुढची दहा-बारा वर्षं सगळीकडे होती आणि १९५९ साली आलेल्या पहिल्या बार्बीच्या कपड्यांवरही ती दिसते. मला या घेराला कापड हवं होतं बारीक चौकडीचं. नेहमीची चौकडी बाहुलीवर घातली की ती टेबलक्लॉथ गुंडाळल्यासारखी दिसते, कारण बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश आहे आणि कापडावरची नक्षी मात्र पूर्ण मापाची. शेवटी नवऱ्याचा रुमाल उपयोगी पडला. बारीक निळी चौकडी, मऊ सूत, आणि घेराचं वर्तुळ त्यात आरामात बसलं.

गोल घेराचं गणित शाळेतलंच. कंबर नऊ, मागे एकावर एक यायला एक, म्हणजे दहा, भागिले ६.२८, त्रिज्या १.६ सेंटिमीटर. कंपासने आखलं, कापलं, पाव इंचापेक्षा थोडी कमी माया (शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड) धरून शिवलं, आणि घेर सरळ तिच्या नितंबांवर जाऊन बसला. माया आतल्या बाजूला सोडायची असते. १.६ वर कापून त्याच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर शिवल्यावर कंबर नऊची बारा होते. मोठ्या माणसाच्या घेरात एवढी चूक खपते, इथे तिने अख्खा रुमाल खाल्ला. दुसऱ्या रुमालाला १.१ ची त्रिज्या घेतली. नवऱ्याने कपाट उघडून उरलेले रुमाल मोजले.

आईच्या फ्रॉकचं कापड आणायला लक्ष्मी रोडला गेले. इथे खरा घोळ रंगाचा. फोटो काळापांढरा. आई म्हणते फ्रॉक पिस्ता रंगाचा होता. मावशी म्हणते फिका पिवळा, लिंबाच्या सालीसारखा. मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर मी फोटो ठेवला, तेव्हा समोरच्या काकांनी चष्मा कपाळावर घेऊन तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "ताई, यात मॅच काय करायचंय?" तरी त्यांनी टू बाय टू या ब्लाउजच्या सुती कापडाच्या पिस्ता आणि पिवळ्याच्या मिळून पंधरा-वीस घड्या उलगडल्या. घेतला पिस्ता. आई माझ्याच घरात राहते, मावशी कोथरूडला.

लेस आणि बटणांसाठी बोहरी आळी. तीन मिलिमीटरची सॅटिन रिबन आणि सगळ्यात बारीक टिचबटणं मागितली, तर दुकानदाराने न विचारताच जरीकाठाच्या बारीक पट्ट्या, मोत्यांच्या सरी, एवढेसे गोंडे पुढे मांडले. "बाळकृष्णासाठी ना?" मी हो म्हटलं. बार्बीसाठी म्हणायची लाज वाटली, हे कबूल करते. पण त्यामुळे डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या मापाचं सामान आपल्याकडे देवांसाठी पिढ्यान्पिढ्या विकलं जातंय, आणि मी इंटरनेटवर परदेशी बटणांच्या किमती बघत बसले होते. पुढच्या खेपेला थेट तुळशीबागेतल्या देवाच्या वस्त्रांच्या दुकानात गेले. चार मिलिमीटरची बटणं तिथेही नव्हती, त्यांच्या जागी पांढरे मणी लावले.

मध्ये एक अपघात झाला. रंग बघून मोहात पडून गडद लाल सुती तुकडाही आणला होता, त्याची घाईघाईत चड्डी शिवून बाहुलीला रात्रभर घालून ठेवली. सकाळी मांड्या गुलाबी! कापड आधी धुवायचं, पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून रंग जातो का बघायचं, हे मी लेकीला शंभरदा सांगितलंय. साबणाने काही होईना, कारण रंग प्लॅस्टिकच्या आत मुरतो. शेवटी मुरुमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावून, वर प्लॅस्टिक गुंडाळून बाहुली गच्चीवर उन्हात ठेवली. एप्रिलमधलं पुण्याचं ऊन या कामाला उत्तम. तीन दिवस रोज मलम बदललं, डाग गेला. भोवतालची कातडीही किंचित फिकी झाली. तेव्हा करायचंच असेल तर मलम डागापुरतंच लावा आणि शक्यतो करायची वेळ आणू नका.

फ्रॉकला हात घातला तो एका शनिवारी. पिस्ता कापड धुतलं, वाळवलं, इस्त्री केलं. आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक या बाईच्या अंगावर जसाच्या तसा चालणार नव्हताच. कंबर खाली आणली, पुढे दोन टक्स दिले, बाह्यांचा फुगा कमी केला. गळा तेवढा तसाच चौकोनी ठेवला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिवणाच्या क्रमाची. आपण एरवी बाजू जोडतो, मग बाही बसवतो, शेवटी घेर दुमडतो. बाहुलीच्या कपड्यात तसं केलं की मशीनचा कापड धरणारा दाब आत जाऊच शकत नाही. इथे सगळं सपाट असतानाच उरकायचं. बाही मुंढ्याला सपाटच जोडायची, मग बाहीपासून कमरेपर्यंत बाजूची शिवण एका दमात. घेर आधी दुमडायचा, लेस लावायची, चुण्या घालून वरच्या भागाला जोडायचा, आणि पाठीची शिवण शेवटची. चुण्यांसाठी धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, एकीने चुण्या वेड्यावाकड्या बसतात. गळ्याला दुमड देऊ नका, दुमड बोटाएवढी जाड दिसते. मी आजीच्या जुन्या वायलच्या साडीचा तुकडा अस्तर म्हणून लावून उलटवला. पन्नास वर्षं धुतलेलं ते कापड इतकं पातळ आहे की अस्तर आहे हे कळतही नाही. माया शिवताना पाव इंच, शिवून झाल्यावर कापून निम्मी. वळणांवर बारीक चिरा. कडा सुटू नयेत म्हणून टूथपिकने फेविकॉलचा पुसट हात.

मशीनने पहिल्याच टिपेला कापड खाली ओढून गिळलं. त्यावर उतारा म्हणजे खाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. सुई नऊ नंबरची, टीप बारीक. माझं विजेवरचं मशीन या कामाला फार उतावळं आहे. आजीचं हाताने फिरवायचं काढलं तेव्हा कुठे एकेक टाका माझ्या हातात आला. इस्त्रीचं टोक बाहीत शिरेना, तिथे लेकीचा केस सरळ करायचा चिमटा वापरला. तिने नंतर त्याचा बराच वेळ वास घेतला.

कमरेपाशी चुण्या, अस्तर आणि वरचं कापड असे थर एकावर एक आले, तेव्हा मला त्या अशक्य कंबरेचं गुपित निदान माझ्यापुरतं उलगडलं. कापड सहापट पातळ होत नाही. कपडे घातल्यावर ती कंबर अकरा सेंटिमीटर भरते आणि माणसासारखी दिसते.

नागमोडी लेस बाजारात मिळाली ती बाहुलीच्या तळहाताएवढी रुंद. मग पेन्सिलीने लाटा आखून अँकरच्या पांढऱ्या भरतकामाच्या दोऱ्याच्या सहापैकी दोन पदरांनी उलट्या टिपेत भरल्या. घेराला चार संध्याकाळी गेल्या आणि चष्म्याचा नंबर वाढला असावा.

या दिवसांत एक गोष्ट सारखी आठवत होती. १९४५ च्या मार्चमध्ये, महायुद्धामुळे पॅरिसमध्ये कापडाची चणचण असताना तिथल्या मोठमोठ्या शिवणघरांनी तारेच्या बाहुल्यांना आपले नवे कपडे घालून लूव्र संग्रहालयात प्रदर्शन भरवलं. त्या बाहुल्या माणसाच्या तिसऱ्या हिश्शाच्या, माझ्या बाईच्या दुपटीहून उंच. तरीही त्या शिवणाऱ्या बायकांच्या बोटांचा विचार करून माझी बोटं जरा कमी दुखायची.

एक युक्ती सांगायची राहिली. हिचे हात कोपरात वाकलेले आहेत आणि बोटं बाहीत अडकतात. हाताला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की बाही घसरत वर जाते. त्याशिवाय ओढलंत तर मुंढा उसवतो. माझा दोनदा उसवला.

रविवारी फ्रॉक घातलेल्या बाहुलीला फोटोशेजारी उभं करून मावशीला व्हिडिओ कॉल लावला. आई आधीच विजयी चेहऱ्याने बसलेली. मावशीने रंग पाहून नाक मुरडलं, ते अपेक्षितच होतं. मग म्हणाली, "दोन खिसे कशाला लावलेस?"

"फोटोत एक दिसतोय. दुसरा आजोबांच्या मागे असणार."

"एकच होता. माझ्या परकरातून उरलेलं कापड ते. दुसऱ्या खिशाला पुरलं नाही म्हणून ही रडली होती."

आई म्हणाली असं काही झालंच नव्हतं. मी उसवायची सुई हातात घेऊन बसले होते, त्या दोघींचं अजून ठरतंय.