गेटपाशी फुटपाथ उतरू दिला नाही, त्याचा अनुभव

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या प्रभागातलं काम सुचवता येतं. 2006 पासून ही सोय आहे. आमच्या गल्लीतला फुटपाथ आम्ही याच वाटेने सलग करून घेतला.

अर्जात नुसतं ‘फुटपाथ दुरुस्त करावा’ लिहिलं की जुने ब्लॉक काढून नवे बसतात आणि अडचण तशीच राहते. म्हणून आधी टेप लावली. मोजायची ती मोकळी रुंदी. दोन मीटरच्या फुटपाथवर डीपी बॉक्स (विजेची वितरण पेटी) आला की चालायला जेमतेम 70 सेंमी उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत निवासी भागासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि फुटपाथची उंची जास्तीत जास्त 15 सेंमी सांगितली आहे. हे आकडे अर्जात घातले, प्रत्येक अडथळ्याला नकाशावर क्रमांक देऊन फोटो जोडले. महापालिकेचा कनिष्ठ अभियंता कामाच्या खर्चाचं एस्टिमेट करतो तेव्हा हाच कागद कामी येतो. पोचपावतीवर आवक क्रमांक हवाच. पुढचा सगळा पाठपुरावा त्यावर चालतो.

खरी मेख सोसायट्यांच्या गेटपाशी असते. गाड्यांना सोपं जावं म्हणून तिथे अख्खा फुटपाथच रस्त्याच्या पातळीला उतरवतात. दर गेटला उतरा, पुन्हा चढा. गुडघे दुखणारी माणसं मग सरळ रस्त्यावरून चालतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. फुटपाथची पातळी कायम ठेवून गाडीपुरता छोटा उतार रस्त्याकडच्या कडेला द्यायचा. मात्र गेटच्या आतली जमीन खाली असेल तर पावसाचं पाणी सोसायटीत शिरतं. म्हणून आधी लेव्हल तपासावी आणि फुटपाथचा ढाळ रस्त्याकडे ठेवावा. पाण्याचा प्रश्न सुटला की रहिवाशांचा विरोध बराच मावळतो.

दुचाकी अडवायला खांब सगळेच मागतात. पण चाकाच्या खुर्चीला किमान 90 सेंमी फट लागते आणि तेवढ्यातून स्कूटरही जाते. त्यापेक्षा फट कमी केली तर अडकते ती खुर्ची. कोपऱ्यावर खांब लावावेत, पण सगळा भरवसा त्यांच्यावर नको.

कर्बचे, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड बसतात त्या दिवशी टेप घेऊन हजर राहावं. काँक्रीट धरल्यावर पातळी कोणी बदलत नाही. पुढे रस्त्याचं डांबरीकरण निघालं तर जुना थर खरवडून मगच नवा टाकावा, असं लेखी पत्र पथ विभागाला आधीच द्यावं. नाहीतर दर थरागणिक कर्ब बुडत जातो आणि गाड्या पुन्हा फुटपाथवर चढतात.